आगोटीच्या तोंडावर आलेलं बिऱ्हाड

सोलापूरहून रत्नागिरीला बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. बँकेत नोकरी करणारे दादा, वहिनी, दादांच्या आई म्हणजे आजी, नववीत जाणारी थोरली आणि चौथीतला धाकटा. धाकट्याला बालदमा. सामानाचा ट्रक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून आला आणि भाट्याच्या पुलापलीकडच्या एका चिरेबंदी, कौलारू घरासमोर रिकामा झाला. बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना घर लावून देणं हे माझं काम. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत.

वहिनींचा बेत ठरलेला होता. आठ दिवसांत सगळी खोकी उघडायची, रिकामी खोकी भंगारवाल्याला द्यायची आणि १५ जूनला शाळा सुरू व्हायच्या आत घर लखलखीत करायचं. सोलापुरात हा बेत उत्तम जमला असता. कोकणात बदल्यांचा हंगाम, शाळेचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात. १ जूनपासून यांत्रिकी मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, घराघरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी सुरू असते. ज्या दिवसांत गाव सामान झाकून आत घेत असतं, त्याच दिवसांत नवीन आलेलं बिऱ्हाड सामान उघडून बाहेर मांडत असतं. माझं मत ठाम आहे: किनाऱ्यावर घर दोनदा लावायचं असतं, एकदा आगोटीला आणि एकदा पाऊस गेल्यावर. पहिल्या खेपेला फक्त एवढंच बघायचं, की ओल ज्या वस्तूची नासाडी करू शकते तिला पहिल्या झडीच्या आत बरी जागा मिळाली आहे ना. बाकीची खोकी मिटलेली राहिली तरी काही बिघडत नाही.

वहिनींना हे पटायला वेळ लागला. त्यांना खोक्यांच्या ढिगात राहणं सहन होत नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. नव्या गावात पहिली गरज असते ती आपलं घर आपलं दिसण्याची. पण सोलापूरचा वर्षभराचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि रत्नागिरीचा तीन हजारांच्या वर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. सत्तरच्या वर ती टिकून राहिली की कापडावर, चामड्यावर, कागदावर बुरशी धरायला लागते. ज्या माणसाने आयुष्यभर भिंतीला टेकवून कपाट ठेवलं आणि पोत्यात धान्य ठेवलं, त्याला हे आकडे सांगून उपयोग नसतो. म्हणून मी सुरुवात खोक्यांवरच्या अक्षरांपासून केली.

खोक्यांवर काय लिहिलं होतं

सामान बांधणाऱ्यांनी प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने खोलीचं नाव टाकलं होतं: हॉल, किचन १, किचन २, बेडरूम, शोकेस. ही सगळी नावं सोलापुरातल्या फ्लॅटमधल्या खोल्यांची होती. ‘किचन २’मध्ये स्टीलचे डबे, उन्हाळ्यात केलेले पापड आणि कुरडया एकत्र होत्या. डब्यांना ओलीचं काही नाही. पापड मात्र आठवड्यात वातड होतात आणि मग त्यांना बुरशी येते. ‘बेडरूम’मध्ये दादांच्या मूळ प्रमाणपत्रांची फाईल गाद्यांच्या खोळींखाली होती. खोलीचं नाव हे सामान उतरवून घेणाऱ्याच्या सोयीचं. उघडायचा क्रम लावायला त्याचा काही उपयोग होत नाही.

मग मुलांना कामाला लावलं. प्रत्येक खोकं उघडायचं, वरवर बघायचं, आत काय आहे ते मोठ्यांना विचारायचं आणि पुन्हा नवीन खूण करायची. ज्यात कागद, धान्य, कापड, चामडं, लाकूड किंवा वीज आहे त्यावर लाल फुली. ज्यात काच, स्टील, पितळ, प्लॅस्टिक आहे त्यावर ‘दसरा’, म्हणजे पाऊस गेल्यावर दसऱ्याच्या सुमाराला उघडायचं. धाकट्याने हे काम इतकं मनावर घेतलं की आजींच्या कपाळपट्टीवर ‘दसरा’ लिहायचं तेवढं बाकी राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त खोक्यांवर ‘दसरा’ आलं. ढीग तेवढाच होता, पण वहिनींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला, कारण करायचं काम अर्ध्यावर आलं होतं.

खोकी म्हणजे पुठ्ठा, आणि पुठ्ठा हवेतली ओल शोषून घेतो. जमिनीवर ठेवलेल्या खोक्याच्या तळाशी वाळवी आणि कसर दोन्ही लागतात. म्हणून ‘दसरा’ची खोकीही आम्ही फरशीवर ठेवली नाहीत. घरमालकांकडे कडाप्प्याचे तुकडे पडले होते. त्यांवर फळ्या टाकल्या आणि भिंतीपासून वीतभर सोडून त्या फळ्यांवर खोकी रचली. चिऱ्याचे तुकडे तिथेच हाताशी होते, पण ते मुद्दाम घेतले नाहीत. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र. तो खालची ओल वर ओढतो.

उघडताना एक काळजी घ्यायला लावली, तीही सोलापूरकरांना नवी. खोक्याच्या फटीत हात घालण्याआधी खोकं आपटायचं, चपला-बूट झटकून पायात घालायचे, रचलेल्या चिऱ्यांत हात घालायचा नाही. कोकणातला लाल विंचू साधा नव्हे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विंचवाच्या दंशावर उपचार रूढ केले, त्याआधी यात मुलं दगावत असत. आजही डंख झाला तर मंत्र-उतारा करत बसायचं नाही, थेट दवाखाना. फुरसं हा विषारी सापही याच पट्ट्यातला, आणि पाचोळ्यात तो दिसत नाही. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे, रात्री कोणती रिक्षा मिळते, हे वहिनींनी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून लावलं. देवघराच्याही आधी लागलेली ही या घरातली पहिली गोष्ट, आणि मला ती फार आवडली.

पश्चिमेची खोली

घरातली सगळ्यात देखणी खोली पश्चिमेची. मोठ्या खिडक्या, माडांच्या झावळ्यांतून दिसणारं पाणी, नुकताच दिलेला फिकट हिरवा रंग. दादांनी ती बघता क्षणी ठरवलं की इथे पुस्तकांचं कपाट, इथे अभ्यासाचं टेबल आणि मुलांच्या गाद्या. प्लायवूडचं कपाट चार माणसांनी उचलून त्या भिंतीला चिकटवूनही झालं होतं.

या प्रकरणाचा गाभा ही भिंत आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्यात कोकणातली कुठलीही भिंत कोरडीच लागते. त्यात नवीन रंग असेल तर मागच्या वर्षीचे डाग, सुटलेले पोपडे, लोणा म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा खार, सगळं झाकलं जातं. आत उभं राहून काहीच कळत नाही. कळतं ते बाहेरून. मी दादांना घराच्या मागे नेलं. रंग आतूनच दिला होता; बाहेरच्या बाजूला जोत्यापासून जवळजवळ खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत शेवाळ वाळून काळं झालेलं होतं. मग पडवीच्या पश्चिमेकडच्या वाशाकडे बोट दाखवलं. वाशाला ठरावीक अंतरावर गंजलेले हूक होते, आणि दोन हुकांत काथ्याच्या दोरीची टोकं अजून अडकलेली होती. तिथे दरवर्षी माडाची झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधत असणार. नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा आणतो आणि ती झड थेट या बाजूला लागते, म्हणून माणसं या अंगाला झापं लावतात. अलीकडे बरेच जण निळं ताडपत्रीचं कापड लावतात. पूर्वेच्या पडवीला एकही हूक नव्हता. घराने स्वतःच सांगितलं होतं की पाऊस कुठून येतो.

शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या खोलीत पूर्वी नारळ असायचे. माणसं निजायची माजघरात.”

एवढ्यावर दादांनी पुस्तकांचं कपाट हलवलं. माजघराच्या आतल्या भिंतीशी, भिंतीपासून चार बोटं जागा सोडून, पायांखाली टाईलचे तुकडे घालून ते उभं राहिलं. प्लायवूड आणि त्याहून जास्त भुशाच्या दाबलेल्या फळ्या खालून ओल पितात आणि फुगतात. पाय फरशीपासून बोटभर जरी उचलले तरी कपाटाचं आयुष्य वाढतं. कपाट हललं, पण मुलांच्या गाद्या पश्चिमेच्या खोलीतच राहिल्या. मुलांना तो समुद्र हवा होता, आणि दादांना त्यांचं मन मोडवेना. ‘शोकेस’ लिहिलेलं एक जड खोकंही तिथल्याच पोटमाळ्यावर चढलं, कारण त्यावर धाकट्याने ‘दसरा’ लिहिलेलं होतं आणि शोकेसमध्ये काचेच्या वस्तूच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं.

घरमालकांनी शाकारणी वेळेवर केली होती, फुटकी कौलं बदललेली होती. त्यामुळे वरून गळती होणार नव्हती. त्यांनी दिलेला रंग मात्र प्लॅस्टिक इमल्शनचा होता. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि नंतर ते बाहेर सोडते. चुन्याची सफेदी तिला श्वास घेऊ देते; इमल्शनचा पापुद्रा आतलं पाणी कोंडून धरतो आणि मग फुगे येतात. मालक मनाचे चांगले, भाडेकरूंसाठी म्हणून हौसेने खर्च केलेला. पण जुन्या चिरेबंदी भिंतींना हा रंग देऊ नये, हे कोकणातल्या प्रत्येक घरमालकाला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आजींची ज्वारी

लाल फुलीच्या सामानात सगळ्यात मोठं प्रकरण निघालं ते आजींचं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, वर्षाची बेगमी, बारदानाच्या पोत्यांत. शिवाय शेंगदाण्यांचं एक पोतं, चटणीसाठी. आजींचं म्हणणं सरळ होतं: “भात खाऊन पोट भरतंय होय? दोन तासांनी परत भूक लागती की.” त्यांच्यासाठी ही ज्वारी म्हणजे सोलापूर सोबत आल्याची खूण होती. ती विकून टाका, महिन्याला थोडी थोडी आणा, असं सांगणं मला पटलं नाही.

शेजारच्या काकूंनी पोती बघितली आणि पटकन म्हणाल्या, “आजी, बारदानात ठेवलीत तर श्रावणात मोड आलेली ज्वारी खाल.” आजींना राग आला, पण त्या दोघींची बोलाचाली तिथूनच सुरू झाली.

साठवणीच्या धान्यात ओल बारा टक्क्यांच्या आत असावी लागते. सोलापूरच्या हवेत ती आपोआप तेवढी राहते. इथे उघड्या पोत्यातलं धान्य जुलैच्या हवेशी जुळवून घेतं आणि महिन्याभरात कितीतरी वर जातं. मग आधी किडे, मागोमाग बुरशी. आम्ही असं केलं. पाऊस यायच्या आधीच्या कडक उन्हात अंगणात चटया टाकून ज्वारी वाळवली. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे, ही परीक्षा आजींनी स्वतः घेतली. ऊन उतरल्यावर धान्य सावलीत पूर्ण निवू दिलं. गरम धान्य बंद केलं तर डब्यात आतून घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग रबरी कडीच्या घट्ट झाकणाची पिंपं काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा कमीत कमी राहते. रोजच्या भाकरीपुरता एक छोटा डबा वेगळा. मोठं पिंप उघडायचं ते फक्त उघडीप असताना, दुपारी, आणि भरभर. दोन पिंपांत मावली नाही ती ज्वारी कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे परत गेली.

शेंगदाण्यांचं जास्त गंभीर. दमट हवेत शेंगदाण्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते, तिच्यापासून अफलाटॉक्सिन तयार होतं, आणि ते यकृताला घातक असतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. म्हणून कडू लागणारे, सुरकुतलेले, हिरवट-काळे दाणे निवडून फेकायचे, भाजून वापरू म्हणायचं नाही. आजींनी दाणे निवडले, थोडे फ्रीजमध्ये ठेवले आणि चटणी महिन्याऐवजी आठवड्यापुरती कुटायची हे मान्य केलं. खलबत्त्याचा आवाज ऐकून काकू वाटी घेऊन आल्या, हे सांगायला नको.

कपड्यांचं थोडक्यात. सोलापुरी चादरी जाड, जुलैमध्ये धुतल्या तर तीन-तीन दिवस वलणीवर ओल्या राहून वास मारतात. म्हणून त्या मेमध्येच धुऊन, खडखडीत वाळवून बंद केल्या. आजींची इरकली लुगडी खळ काढून, मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवली, कारण खळ ही कसरीची आणि बुरशीची आवडती खाद्यवस्तू. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर तो पापडासारखा वाळलेला हवा, नाहीतर ओल तोच घेऊन जातो. डांबरगोळ्यांनी किडा पळतो, बुरशी पळत नाही. हा गैरसमज मला घराघरात दिसतो.

वीज आणि कागद हेही पहिल्याच खेपेचं काम. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्यामुळे इन्व्हर्टर, टॉर्च, धाकट्याची औषधं आणि वाफेचं यंत्र ही सगळ्यात आधी लागली. प्रमाणपत्रं, दाखले, पासबुकं स्कॅन करून मूळ कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत, माजघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर. गॅस, आधारवरचा पत्ता, शाळेचे दाखले, भाडेकरूंची पोलीस नोंद, ही कामं दादांनी रजेच्या दिवसांत उरकली. ती सगळीकडे सारखीच.

जुलै

मृग वेळेवर लागला. जून बरा गेला. जुलैच्या मध्यावर सलग संततधार लागली, तेव्हा वहिनींचा फोन आला. मुलांच्या खोलीत कुबट वास येतो आहे आणि धाकट्याची रात्रीची धाप वाढली आहे.

खोलीत गेल्यावर वास लगेच जाणवला. भिंतीचा हिरवा रंग एका ठिकाणी पुरीसारखा फुगलेला होता. पण वास भिंतीचाच की आतल्या हवेचा, हे ठरवायला हवं होतं, कारण उपाय वेगवेगळे. वहिनींच्या स्वयंपाकघरातला फॉइलचा दीड फुटी चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि दोन दिवस तसाच राहू दिला. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल हवेतली, म्हणजे वारा खेळता ठेवायचा, कपडे आत वाळत घालायचे नाहीत. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येते. सोडवून बघितलं, तर मागची बाजू ओलीचिंब आणि खोलीकडची कोरडी. अशा भिंतीला पंखा, कापूर, डांबरगोळ्या यांचा काही उपयोग नाही. त्याच संध्याकाळी मुलांच्या गाद्या माजघरात गेल्या. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं आणि ओलीच्या खोलीत झोपवू नका असं बजावलं. दहा-बारा दिवसांत धाकटा रात्रभर झोपायला लागला. यात औषधाचा वाटा किती आणि खोलीचा किती हे मला सांगता येणार नाही, पण दमेकऱ्याचं अंथरूण अशा भिंतीपाशी नसावं यात शंका नाही.

वास मात्र पूर्ण गेला नाही. थोरलीने पोटमाळ्यावरचं ‘शोकेस’ खोकं खाली काढलं. वर काचेच्या बाहुल्या होत्या, आणि खाली जुने फोटो अल्बम. आजींच्या लग्नाचे, दादांच्या मुंजीचे, दोन्ही मुलांच्या बारशांचे. पुठ्ठा मऊ पडलेला, कडांना राखाडी बुरशी, आणि प्लॅस्टिकच्या पानांखाली फोटो एकमेकांना चिकटलेले. वहिनींचा पहिला हात एक फोटो ओढून काढायला गेला. तो मी धरला. ओढला की चित्राचा थरच सुटून येतो.

अल्बमची बुरशी आम्ही पडवीत, वाऱ्याकडे पाठ करून बसून, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडली. घरात झाडली असती तर ती सगळीकडे पसरली असती. मग फोटोंचे आधी मोबाईलवर फोटो काढून घेतले, म्हणजे काही बिघडलं तरी प्रत राहील. स्टुडिओत धुऊन काढलेले जुने फोटो पाण्यात टिकतात; घरच्या प्रिंटरवर छापलेले टिकत नाहीत, त्यांची शाई उतरते, म्हणून ते आधीच बाजूला केले. स्टीलच्या परातीत स्वच्छ गार पाणी घेतलं आणि चिकटलेली जोडी अलगद आत सोडली. घाई केली नाही. थोड्या वेळाने कडा सुटायला लागल्या, तशी थोरलीने पाण्याखालीच बोटाने हळूहळू एक फोटो दुसऱ्यापासून मोकळा केला. पातळ, ओला, पाठीकडून धरलेला फोटो तिने पांढऱ्या सुती कापडावर चेहरा वर करून ठेवला. नऊवारीतल्या आजी, मागे मांडवाचे खांब. एका कोपऱ्यात थोडा रंग गेला होता, बाकी सगळं जागेवर. आजी शेजारी बसून प्रत्येक फोटोतलं माणूस कोण, कुठल्या गावचं, हे सांगत होत्या आणि थोरली ते वहीत लिहून घेत होती. दोन-तीन फोटो वाचले नाहीत. उरलेले आता बिनआम्लाच्या कागदात, पिशवीत, माजघरात आहेत. चिकट पानांचे ते अल्बम फेकून दिले, आणि तसे अल्बम ज्यांच्या घरी आहेत त्यांनीही त्यातून फोटो काढून घ्यावेत असंच मी सांगेन, गाव कोरडं असो की ओलं.

माणसांचं लागणं

सामान लागलं तरी माणूस लागायला वेळ जातो. मुलांना शाळेने पंधरा दिवसांत आपलंसं केलं. दादांना बँक होती. आजींचं अवघड होतं. सोलापुरात त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसत. इथे पाऊस, वाडीतली घरं लांब लांब, आणि शाकाहारी घराला सुक्या मासळीचा वास. पहिले काही दिवस त्या खिडक्या लावून बसत, त्यामुळे घरात ओल आणखी कोंडायची.

उपाय ठरवून झाला नाही, पण त्याला वाव मिळेल अशी जागा आम्ही ठेवली होती. पडवीत सामान रचायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून लावून धरलं होतं. बहुतेक बिऱ्हाडं पडवीचं गोदाम करतात. कोकणात येणारं-जाणारं माणूस आधी पडवीत टेकतं. तिथे खोकी असली की ते दारातूनच बोलून परत जातं. आजींची खुर्ची पूर्वेच्या पडवीत ठेवली आणि शेजारी काकूंसाठी एक. नागपंचमीला काकूंकडून हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या. आजींनी वाटीत शेंगांची चटणी घालून परत पाठवली. मासळीचं त्यांनी आपसात मिटवलं: काकू मासे साफ करायला विहिरीपलीकडे बसायला लागल्या, आणि आजींनी खिडक्या उघडल्या.

दुसरी खेप

गणपती झाले, पितृपक्ष गेला, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात फळ्यांवरची सगळी खोकी अंगणात आली. कपाटांतलं सगळं बाहेर, गाद्या उभ्या करून उन्हात, चादरींना ऊन, कपाटांच्या आतल्या फळ्या साबणाच्या पाण्याने पुसून उघड्या. तोपर्यंत वहिनींना चार महिने या घरात वावरून कळलं होतं की सकाळचा उजेड कुठे येतो, वारा कुठून खेळतो, रोज हाताला काय लागतं. मेमध्ये लावलं असतं त्यापेक्षा स्वयंपाकघर त्यांनी पूर्ण वेगळं लावलं. ‘दसरा’च्या खोक्यांतलं बरंच काही उघडून लगेच वाडीत आणि नातेवाइकांत वाटून टाकलं, चार महिने ज्याची आठवण झाली नाही ते घरात कशाला, असं त्याच म्हणाल्या. पुठ्ठ्याची खोकी भंगारात गेली आणि त्यांच्या जागी झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आले.

पश्चिमेच्या भिंतीचं काम राहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये दादांनी मालकांना फॉइलचे फोटो दाखवले आणि शांतपणे बोलणं केलं. भिंत वाळल्यावर इमल्शन खरवडून काढायचं, चिऱ्यांचे सांधे बाहेरून भरायचे आणि आतून चुना द्यायचा, यातला निम्मा खर्च मालकांचा, निम्मा यांचा. अकरा महिन्यांचा करार एप्रिलमध्ये नव्याने होईल तेव्हा हे त्यात लिहून घ्यायचं ठरलं आहे, आणि मेमध्ये पडवीच्या त्या हुकांना झापं बांधून द्यायची जबाबदारी मालकांनी घेतली आहे. तोवर ती खोली दिवसा अभ्यासाला आहे, आणि रात्री सगळे माजघरात झोपतात.